सोंडेपासून सुकाणूपर्यंत

त्याला सगळे तोफ म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणायची, पण तिच्या 'अहो'ला अशी धार असे की त्यापेक्षा तोफ परवडली. आईबापांनी ठेवलेलं नाव गोदीवर कुणालाच आठवत नव्हतं. एकदा बँकेतल्या माणसाने त्या नावाने पुकारा केला, तेव्हा तोफही इतरांसारखा मागे वळून बघू लागला होता, हा कोण बुवा म्हणून.

राग त्याच्याकडे वारशाने आला. बाप दोर वळायचा. गोदीमागच्या गल्लीत लांबच लांब पडवी होती, तिथे काथ्याला पीळ देत तो उलट पावली चालत जाई. दोरात मावला नाही तो पीळ बापाने स्वतःत साठवला. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, म्हणतात. बाप गेला, पडवीच्या जागी गोदाम आलं, पीळ तेवढा पोराच्या अंगात उतरला. लहानपणी तोफ खेळात हरला की गोट्या समुद्रात फेकायचा. स्वतःच्याच.

मोठा झाल्यावर त्याने नाव बांधली. बाहेर समुद्रात जहाजं नांगरून उभी असत. त्यांना पिण्याचं पाणी, भाजी, गॅसच्या टाक्या पोचवायच्या, हा धंदा. नाव बांधायला जोडीला चुलतभाऊ होता. उंचीमुळे त्याला लंबू म्हणत. दोघांनी एका करवतीची दोन टोकं धरून फळ्या कापल्या, एका डब्यात जेवले. मग दोघांची लग्नं झाली आणि एका नावेत दोन मालक मावेनात. नाव तोफेकडे राहिली. लंबूने स्वतःची वेगळी बांधली, आणि मुद्दाम असो वा नसो, ती तोफेच्या नावेहून चांगली पाच फूट लांब झाली. ते पाच फूट तोफेच्या घशात अडकले ते अडकलेच.

गोदीला दोन जागा होत्या. आतल्या गोदीला दरवाजा. भरतीला उघडायचा, ओहोटी लागली की बंद व्हायचा, त्यामुळे आतलं पाणी जागच्या जागी राही आणि नाव धक्क्याला लागून गाईसारखी उभी असे. पाय उचलला की नावेत. बाहेरचा धक्का मात्र दगडी, उभा. तिथे भिंतीत ठोकलेली लोखंडी शिडी. भरतीला चारपाच पायऱ्या उतरल्या की झालं. ओहोटीला तीच शिडी विहिरीत उतरावी तशी खाली खाली जाई, आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ.

आत किती लांबीच्या नावा घ्यायच्या याला मर्यादा होती. पण लांबी मोजायची कुठून कुठे, हे कुणी ठरवलंच नव्हतं. जो तो आपल्या सोयीने मोजायचा. नावेच्या पुढे तिरकं निघालेलं लाकूड असतं, नांगर त्याच्यावर टांगतात आणि पुढच्या शिडाचा दोर त्याला बांधतात. गोदीवर त्याला सोंड म्हणत. काहीजण सोंड धरत, काही धरत नसत. सुकाणू मागे लटकलेलं, तेही तसंच. लंबूची नाव नुसती काठापासून काठापर्यंत मोजली तर मर्यादेत बसत होती. सोंड आणि सुकाणू धरलं तर बसत नव्हती.

नावाड्यांच्या सभेत तोफ उठला आणि त्याने टेबलावर मूठ आपटली. "सोंडेच्या टोकापासून सुकाणूच्या टोकापर्यंत! माणसाची उंची मोजताना डोकं सोडून मोजता का?"

लंबू म्हणाला, "दादा, सुकाणू काय, काढून आत ठेवता येतं."

"सुकाणू काढलेली नाव म्हणजे ओंडका! ओंडक्याला गोदीत जागा नाही."

लोक हसले, हात वर झाले, नियम झाला. लंबू दुसऱ्या दिवशी नाव घेऊन बाहेरच्या धक्क्याला गेला. तेव्हा दोघांच्या मिशा काळ्या होत्या. दोघांचं बोलणं त्यानंतर बंद झालं असं मात्र नाही. तोफेला गप्प बसता येत नसे. तो बोलायचा, लंबू ऐकून घ्यायचा. भांडणाची ती एक वेगळी जात होती.

आता मिशा पांढऱ्या. धंदा जावई बघत होता. शांत मुलगा, इंजिनातलं सगळं कळणारा. तोफ नावेत मागच्या बाजूला एका उलट्या घातलेल्या टोपलीवर बसून त्याच्या चुका काढायचा. दोर असा गुंडाळतात का, टाकी आधी ती उचल, वारा कुठून आहे ते बघ. जावई 'हो बाबा' म्हणायचा आणि करायचं तेच करायचा. तोफेला दिवसभरात एवढंच हवं होतं. घरी त्याला भिंती खात.

गुडघे गेल्या वर्षी गेले. एकदम नाही, आधी उजवा कुरकुरला, मग डावा त्याला सामील झाला. घरचा जिना तो खेकड्यासारखा आडवा उतरू लागला. कुणी बघितलं की वाकून काहीतरी शोधत असल्याचं सोंग करायचा.

"अहो," बायको खालून म्हणायची, "रोज काय हरवतं हो तुमचं तिसऱ्या पायरीवर?"

"तुझी अक्कल!"

"मग नका शोधू. ती मी लग्नातच हरवली."

अशातच आतल्या गोदीत नवा धक्का आला, पाण्यावर तरंगणारा. त्याला दातांसारखे फाटे, दोन फाट्यांत एक नाव. फाटे आखूड, म्हणून मर्यादाही आखूड झाली: चाळीस फूट. मोजायची पद्धत जुनीच. सोंडेपासून सुकाणूपर्यंत.

गोदीची व्यवस्था बघायला नव्याने एक बाई आल्या होत्या. तोफेच्या लेकीएवढ्या. कधी आवाज चढवत नसत, आणि तोफेला नेमकं तेच सहन होत नसे. आवाज न चढवणाऱ्या माणसाशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं.

मोजणीच्या दिवशी फीतवाला एक टोक धरून पुढे गेला, त्याच्या जोडीदाराने दुसरं टोक मागे धरलं. नाव डुलत होती, फीत झोळासारखी लोंबत होती.

"ताण!" तोफ ओरडला. "झोळ दिलास तर फूटभर वाढतं! वाण्याच्या दुकानात कापड मोजतोयस का?"

फीत ताणली. बेचाळीस आणि वर थोडं.

"सोंड धरू नका," तोफ म्हणाला.

बाई म्हणाल्या, "सोंड धरतात, काका."

"ती हवेत आहे! पाण्याची जागा अडवते का? आता हवेलाही मर्यादा घालणार?"

"मागच्या महिन्यात एका सोंडेने शेजारच्या नावेची खिडकी फोडली."

"ती बांधणाऱ्याला अक्कल नव्हती म्हणून! माझी नाक वर करून आहे. बघा, बघा की!"

"सोंड सोडली तरी सुकाणू धरून साडेचाळीस भरतं."

"मग सुकाणू काढतो! जावईबापू, काढ ते." जावयाने हूं की चूं न करता सुकाणू खिळ्यांवरून उचललं आणि फळीवर आडवं ठेवलं. तोफेने कमरेवर हात ठेवले. "मोजा आता."

बाई म्हणाल्या, "काका, सुकाणू काढलेली नाव म्हणजे ओंडका. ओंडक्याला गोदीत जागा नाही, असं सभेत ठरलेलं आहे. मी नाही ठरवलं."

फीतवाल्याने फीत गुंडाळता गुंडाळता तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. सगळ्या गोदीला माहीत होतं ते वाक्य कुणाचं. एकट्या बाईंना माहीत नव्हतं, आणि त्या इतक्या साधेपणाने बोलल्या की तोफेला शिवी सुचेना. त्याचे कान लाल झाले. आपल्याच पोटचं पोर उलटून कानाखाली वाजवतं तसं काहीसं झालं.

बाईंनी मग आवाज आणखी खाली आणला. "एक सवलत आहे. ज्या मालकाला शिडी चढता येत नाही, त्याच्या नावेला धक्क्याच्या रुंद टोकाला जागा देता येते. तिथे बेचाळीस काय, पन्नासही चालेल. पण मालकाने स्वतः सगळ्यांसमोर सांगायला लागतं. तुम्हाला शिडीची काही अडचण आहे का?"

"मला?" तोफेचा आवाज फाटला. "मला अडचण? तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून चढतोय मी शिड्या!"

जावयाने नाव बाहेरच्या धक्क्याला नेली. लंबूच्या नावेला लागूनच जागा होती. आणि तोफ घरी बसला.

घरी बसलेला तोफ म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारावं. दार करकरतं म्हणून दारावर ओरडला. बिजागरीत तेल घातलं तर आता दार मुकं झालं म्हणून ओरडला. खिडकीतून गोदीचा दरवाजा दिसत असे. भरतीला तो उघडला की हा उभा राही, मिटला की बसे. जावई संध्याकाळी आला की त्याची उलटतपासणी चाले. दोर कुठे बांधलास? किती ढील दिलीस? ओहोटीला नाव लोंबकळली नाही ना? जावई सगळं सांगायचा. पण ऐकलेली नाव आणि पायाखालची नाव यांत फरक असतो, आणि तो तोफेच्या जेवणात दिसू लागला. अर्धी भाकर ताटातच राहू लागली.

"सांगा की सभेत," बायको म्हणाली. "गुडघे गेलेत म्हणून सांगितलं तर जीभ झडेल?"

"शंभर माणसांपुढे? त्या लंबूपुढे?"

"त्याला काय दिसत नाही का तुमची चाल?"

"चालीला काय झालंय माझ्या!" म्हणत तो ताडकन उठायला गेला, आणि टेबलाला धरून अर्ध्यावरच राहिला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती भांडी घासत राहिली, जरा जास्तच जोरात.

सभा एका सकाळी भरली, भरतीच्या वेळेला, गोदीच्या कचेरीसमोरच्या शेडमध्ये. तोफ सोंडेवर बोलला, हवेवर बोलला, फितीच्या झोळावर बोलला. नियम कसा मूर्खपणाचा आहे हे त्याने असं समजावून सांगितलं की मागून कुणीतरी विचारलं, "हा नियम आणला कोण्या मूर्खाने?" हशा पिकला. लंबू एका खांबाला टेकून उभा होता. तो हसला नाही. हसला असता तर तोफेला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात शेडच्या दारातून बायकोचा आवाज आला. "त्यांना शिडी उतरता येत नाही. गुडघे गेलेत. घरचा जिना उतरायला यांना अर्धा तास लागतो. घ्या लिहून."

तोफेने सबंध आयुष्यात जेवढा राग केला होता तो सगळा त्या क्षणी कोमट पाण्यासारखा वाटला, इतका नवा राग वर आला.

"खोटं बोलते ती!" तो म्हणाला. "चला! चला सगळे बाहेरच्या धक्क्यावर! दाखवतो!"

आणि तो निघाला. मागून सभा. भरती पूर्ण होती, शिडी चारच पायऱ्यांची उरली होती. त्याने भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हातांनी लोखंड आवळलं आणि उतरला. हातांवर उतरला खरं तर. पाय नुसते बरोबर आले. नावेत पाय टेकल्यावर तो वळला, घामाने निथळत, आणि वर बघून म्हणाला, "झालं समाधान?"

कुणीतरी टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "ठीक आहे काका, अडचण नाही असं धरते. या वर."

"येईन. घाई कुणाला आहे? माझी नाव आहे ही. बसेन जरा."

इथेच चूक झाली. नावेवर पाय पडून महिना झाला होता. फळ्यांना हात लागला, डांबराचा वास नाकात शिरला. तो टोपलीवर बसला, दोर सोडून पुन्हा गुंडाळला. जावयाने दिलेल्या गाठी सोडून आपल्या मारल्या. लोक पांगले. शेजारच्या नावेतून लंबू म्हणाला, "दादा, ओहोटी लागली."

"तू मला शिकवणार ओहोटी?"

तोफेला ओहोटी कळत नव्हती असं नाही. आंधळ्यालाही कळली असती. पण लंबूने सांगितल्यावर उठायचं म्हणजे लंबूचं ऐकायचं. तो बसून राहिला. पाणी उतरत गेलं, नाव भिंतीच्या पायथ्याकडे बुडाल्यासारखी खाली गेली, आणि वर निळ्या आकाशाची एक पट्टी तेवढी राहिली. त्याने एकदा प्रयत्न केला. शेवाळावर पाय ठेवला, दुसरी पायरी धरली, तिसरीवर गुडघा मुरगळला आणि तो पाठीवर फळ्यांत येऊन आदळला. वर बायको आणि जावई काठावर वाकले.

"लागलं का हो?"

"मी बसलोय! बसायचीही चोरी?"

जावई म्हणाला, "बाबा, दोर टाकतो. कमरेला बांधा, ओढून घेतो."

"पोतं आहे का मी?" तोफेने वल्हं उचलून धरलं. "खाली उतरायचं नाही कुणी. उतरला त्याचं डोकं फोडीन!"

बायकोने डबा दोरीला बांधून खाली सोडला. तो त्याने खाल्ला. पूर्ण.

दुपारी लंबू तेलाचा डबा घेऊन शिडी चढायला लागला. त्याची शिडी तोफेच्या डोक्यावरूनच जात होती. तोफेने सवयीने तोंड उघडलं, काहीतरी कुजकट बोलायला, आणि वर पाहिलं. लंबूच्या टाचा त्याच्या डोळ्यांपुढे होत्या. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर. पुन्हा एक पाय, पुन्हा दुसरा त्याच्या शेजारी. लहान मूल चढतं तसं. मध्ये तो थांबला. एका हातात डबा, दुसरा हात लोखंडात अडकवलेला, कपाळ शिडीला टेकलेलं. विजारीच्या आत गुडघे थरथरत होते. मग पुन्हा एक पाय.

तोफेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. किती वर्षं? विचारलं कुणी होतं? शिडी तर त्यानेच दिली होती ह्याला, आपल्या मुठीने, टेबलावर आपटून. त्याला लंबूचा असा राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. गाढवाने बोलायला नको?

संध्याकाळी भरती आली. गोदीचा दरवाजा उघडला. नाव पुन्हा वर चढली, शिडी पुन्हा चार पायऱ्यांची झाली. तोफ उभा राहिला, हात लावला, आणि सकाळचे ते हातही आता त्याचे राहिले नव्हते. दिवसभर थंड फळ्यांवर बसलेले पाय लाकडाचे झाले होते. काठावर बाई येऊन उभ्या राहिल्या.

"जावई नाव आत घेऊन येतील, तरत्या धक्क्यावर उतरा," त्या म्हणाल्या. "पण लांब नाव आत घ्यायला मला कारण लागेल. कारण तुम्ही सांगा."

काठावर पुन्हा माणसं जमली होती. बायको होती. लंबू त्याच्या नावेत, हाताच्या अंतरावर.

"गुडघे गेलेत!" तोफ ओरडला. शिवी घालावी तसा. धक्क्यावरचे पक्षी उडाले. "ऐकलंत? दोन्ही गेलेत! चार पायऱ्या चढता येत नाहीत मला! सांगा अख्ख्या गोदीला! दवंडी पिटा!"

"एवढं पुरे आहे," बाई म्हणाल्या.

"नाही पुरे! आणि ह्याचेही गेलेत." त्याने लंबूकडे बोट केलं. "मी बघितलंय आज. ह्यालाही आत घ्या."

लंबू दोर सोडत होता तो थांबला. "माझं तू सांगू नकोस, दादा."

"मग तू सांग!"

"मला काही अडचण नाही."

"बघितलं मी, गाढवा! कपाळ टेकलं होतंस शिडीला!"

"ऊन लागलं होतं."

बाईंनी लंबूकडे पाहिलं. "काका, एक शब्द बोललात तरी चालेल."

"इतकी वर्षं चढलो," लंबू म्हणाला. "ह्याने बाहेर घातलं तेव्हा चढलो. आता ह्याने आत घ्या म्हटलं म्हणून आत येऊ? तो नेतो म्हणून जायला मी काय ओंडका आहे?"

जावई चार पायऱ्या उतरून नावेत आला आणि त्याने इंजिन सुरू केलं. नाव भिंतीपासून सुटली. तोफ मागच्या बाजूला, लंबूकडे तोंड करून उभा होता, शिव्या देत. मधलं पाणी रुंदावत गेलं तसा त्याचा आवाज वाढत गेला. लंबू आपला दोर आवळत बसला.

रुंद टोकाला आता तोफेची नाव असते. पाय उचलला की नावेत. त्याला हवं होतं ते मिळालं, आणि त्याचा राग काडीने कमी झाला नाही. पुढच्या प्रत्येक सभेला त्याने मागणी केली की सोंड धरू नका, सुकाणू धरू नका, काठापासून काठापर्यंत मोजा. लोक म्हणाले, तुझीच पद्धत आहे बाबा, आणि चाळीस फुटांत लंबूची नाव कशीही मोजली तरी बसत नाही. ते खरं होतं. तो तरीही टेबल आपटतो.

रोज ओहोटीला मात्र तो काठी टेकत बाहेरच्या धक्क्यावर जातो. शिडीच्या तोंडाशी उभा राहतो. खालून लंबू चढत असतो, एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर.

"आटप की रे! दिवस मावळायचा का इथे? तो डबा खाली ठेव, मूर्खा, दोरीने घेऊ वर! डावा हात घट्ट धर! तिथे नाही, ती पायरी हलते, दहादा सांगितलं! गाढवा, थांब जरा, श्वास घे! कोण मागे लागलंय तुझ्या?"

खालून उत्तर येत नाही. तोफ ओरडत राहतो, पांढरं डोकं काठाच्या वर येईपर्यंत. मग तो पाठ फिरवून घरी जातो.